ना कॅफे, ना बरिस्ता: हौशी माणसाने कॉफीच्या स्पर्धेत कसं उतरावं

आमच्या घरी कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, साखर सढळ हाताने आणि वर किसलेलं जायफळ. तीही जागरणाला किंवा रात्री उशिरा पाहुणे आले तर. एरवी चहाच. त्यामुळे मी कॉफीच्या स्पर्धेसाठी बेंगळुरूला निघालेय म्हटल्यावर आईने विचारलं, "जायफळ चालतं का गं तिथे?"

चालत नाही. फक्त कॉफी आणि पाणी.

मी बँकेत नोकरी करते. कॅफेत कधी काम केलेलं नाही, कुठला कोर्स केलेला नाही. चार वर्षं घरी एअरोप्रेस नावाच्या हातयंत्रावर कॉफी करतेय, एवढीच पुंजी. दोनदा स्पर्धेत उतरले. पहिल्यांदा बेंगळुरूत पहिल्याच फेरीत घरी, दुसऱ्यांदा मुंबईत उपांत्य फेरीपर्यंत. मधल्या काळात माझी कॉफी काही फार सुधारली नव्हती. पहिल्या वेळी मी कॉफीचा सराव केला होता, दुसऱ्या वेळी त्या टेबलाचा, त्या घड्याळाचा आणि तिथल्या पाण्याचा केला. हा लेख त्या दुसऱ्या प्रकारच्या सरावाबद्दल आहे.

१. आधी स्पर्धा नीट निवडा

"कॉफीची स्पर्धा" या एका नावाखाली चार-पाच वेगवेगळे खेळ येतात. बरिस्ता म्हणजे कॅफेत कॉफी करणारा; त्यांच्या स्पर्धेत १५ मिनिटांत १२ पेयं द्यायची असतात: चार एस्प्रेसो, चार दुधाची, चार स्वतः रचलेली, आणि हे सगळं बोलत बोलत, परीक्षकांना समजावत. त्याला लाखांतलं मशीन रोज हाताखाली लागतं. आपल्यासारख्यांनी ती प्रेक्षकांतून बघावी. ब्रूअर्स कपमध्ये मशीन नाही, हातानेच गाळायची कॉफी. पण मुख्य फेरीत बिया आपल्या आपण आणायच्या, म्हणजे अर्धी लढाई खिशाची. लाटे आर्टमध्ये दुधावरची नक्षी.

हौशी माणसाला दोनच दरवाजे खरे उघडे आहेत. एक, कप टेस्टर्स: तीन-तीन कपांचे आठ संच, प्रत्येक संचात दोन कप सारखे आणि एक वेगळा. तो वेगळा ओळखायचा, ८ मिनिटांत. हात चालवायचा नाही, फक्त जीभ. दुसरा, एअरोप्रेस.

एअरोप्रेस म्हणजे मोठ्या सिरिंजसारखी प्लास्टिकची नळी. खाली जाळीचं झाकण, त्यात कागदी फिल्टर, वरून दट्ट्या. ॲलन अ‍ॅडलर नावाच्या कॅलिफोर्नियातल्या इंजिनियरने ती २००५ मध्ये बाजारात आणली. त्याआधी तो लांबवर उडणारी खेळण्यातली चकती बनवण्यासाठी ओळखला जायचा. तिची जागतिक स्पर्धा २००८ मध्ये ऑस्लोत सुरू झाली, स्पर्धक अवघे तीन. आता देशोदेशी राष्ट्रीय फेऱ्या होतात, आपल्याकडेही होते, आणि तिथला विजेता जागतिक स्पर्धेला जातो. मी हीच निवडली, कारण इथे सगळ्यांना एकच कॉफी मिळते. समोरच्याने दहा हजार रुपये किलोच्या बिया आणल्या म्हणून तो जिंकला, असं होत नाही.

२. नाव नोंदवा, आणि लगेच नोंदवा

फेऱ्या तिघांच्या असतात, तिघांतून एक पुढे. म्हणून जागा बहुतेक तीनच्या पटीत ठेवतात. २७ स्पर्धक असतील तर २७ चे नऊ, नवाचे तीन, तिनाचा एक. नोंदणी उघडली की कॅफेवाली मंडळी अर्ध्या जागा पटकन घेतात. "पगार झाल्यावर भरू" म्हणणारे प्रतीक्षा यादीत जातात. मी एका वर्षी गेले होते.

लागणारी कागदपत्रं फारशी नाहीत:

- आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, मूळ प्रत
- फी भरल्याची पावती (फोनमध्ये असतेच, पण हॉलमध्ये नेटवर्क नसतं, म्हणून एक कागदी प्रत)
- नियमपत्रिकेची छापील प्रत
- अर्जात पासपोर्टचा रकाना असला तर त्याची मुदत तपासून ठेवा

अर्जात "व्यवसाय" विचारतात. मी "बँक कर्मचारी" लिहिलं आणि सूत्रसंचालकाने ते माइकवर वाचून दाखवलं. लोक हसले. चांगल्या अर्थाने.

३. नियमपत्रिका हातात पेन घेऊन वाचा

चार गोष्टी अधोरेखित करा: वेळ किती, कॉफी जास्तीत जास्त किती, कपात कमीत कमी किती हवं, आणि कुठलं सामान आयोजक देणार. माझ्या दोन्ही स्पर्धांत पाच मिनिटं, १८ ग्रॅम आणि १५० मिली असे आकडे होते. तुमच्या पत्रिकेत जे असेल ते खरं.

यातला १५० चा आकडा लोकांना बुडवतो. कॉफीची भुकटी स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पिऊन बसते. १८ ग्रॅम कॉफीत १८० ग्रॅम पाणी घातलंत तर कपात १४४ च्या आसपास उतरतं. म्हणजे चव कितीही छान असो, बाद. २०० घातलंत तर १६५ पर्यंत जातं. दाबून झाल्यावर वरून साधं गरम पाणी घालून कप भरायलाही परवानगी असते, पण ते बहुतेकांना तिथे गेल्यावरच कळतं. जुन्या जागतिक विजेत्यांच्या कृती शोधून तशाच उतरवायलाही जाऊ नका. त्यांतल्या कित्येक ३०–३५ ग्रॅमच्या आहेत, १८ च्या मर्यादेत त्या बसतच नाहीत.

४. अकरा कपांचा हिशेब

स्पर्धेची कॉफी सहसा आधी थोडी सरावाला देतात. आम्हाला २०० ग्रॅमची पुडी मिळाली होती. १८ ने भागा: अकरा कप, वर दोन ग्रॅम. पहिल्या वर्षी मी त्यांतले सहा कप पहिल्याच रविवारी उडवले, कारण घरी मैत्रिणी आल्या होत्या.

दुसऱ्या वर्षी असं केलं. पुडीवर काय लिहिलंय ते बघितलं: चिकमगळूरची, एस ७९५ जातीची, नॅचरल प्रक्रियेची, म्हणजे फळासकट वाळवलेली. मग तशीच, तितपतच भाजलेली दुसरी कॉफी विकत आणली आणि हाताचा सगळा सराव तिच्यावर केला: ओतणं, ढवळणं, दाबणं, घड्याळ बघणं. खऱ्या पुडीचे १८-१८ ग्रॅमचे अकरा भाग करून हवाबंद पिशव्यांत भरले आणि फ्रीझरमध्ये टाकले. एक पिशवी म्हणजे एक प्रश्न. एका कपात एकच गोष्ट बदलायची. दळण बदललं तर पाणी तेच, पाणी बदललं तर दळण तेच.

काय बदलायचं हे जीभ सांगते. कप आंबट आणि पाणचट लागला तर कॉफी पाण्यात पुरती उतरली नाही: दळण थोडं बारीक करा किंवा वेळ वाढवा. तोंड कोरडं पडलं, कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा आला तर जास्त उतरली: दळण जाड करा किंवा पाणी थोडं निववा. मी बारीक रव्यापासून सुरुवात करून इडली रव्याच्या जरा अलीकडे थांबले. चवींना नावंही आपलीच द्या. चवींच्या परदेशी तक्त्यातली ब्लूबेरी मी कधी झाडावरची खाल्लेली नाही. माझ्या वहीत "पिकलेला फणस, शेवटी काकवी" असं लिहिलंय, आणि तो कप मला आजही आठवतो.

आणखी एक. प्रत्येक कप गरम असताना एकदा, कोमट झाल्यावर एकदा आणि गार झाल्यावर एकदा प्या. परीक्षक तीन कप शेजारी ठेवून चमच्याने भुर्रकन ओढतात, पुन्हा फिरून पहिल्याकडे येतात. निर्णय होतो तो कोमट कपावर. गरम असताना भन्नाट आणि कोमट झाल्यावर काढ्यासारखी, अशी कॉफी तिथे हरते. माझ्या अकरांतल्या सात कृती याच परीक्षेत गळाल्या.

५. पाणी

माझ्या पहिल्या पराभवाचं कारण पाणी. सविस्तर सांगते.

पुण्यात मी पाणी ९८ अंशांवर वापरायचे. आकडा दाखवणारी इलेक्ट्रिक किटली ९८ वर लावली की टुक् करून थांबायची, मी ओतायचे. बेंगळुरूत माझी फेरी सुरू झाली, किटली ९८ वर लावली, कॉफी दळली, फिल्टर धुतला, आणि वाट बघत उभी राहिले. ९५. ९६. ९७. तिथून आकडा हलेना. पाणी खदखदतंय, झाकणातून वाफ येतेय, किटली गरागरा आवाज करतेय, पण ९७ वरच. मला वाटलं किटली बिघडली. एकदा बंद करून पुन्हा चालू केली. यात जवळजवळ पाऊण मिनिट गेलं.

किटलीचा काही दोष नव्हता. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवर आहे, तिथे पाणी ९७ च्या आसपासच उकळतं. ते ९८ पर्यंत जाणारच नाही. पुणं साडेपाचशे मीटरवर, म्हणून तिथे ९८ जमत होतं, तेही जेमतेम. शाळेत उंच डोंगरावर डाळ उशिरा का शिजते हे मी पाठ करून लिहिलेलं होतं. पण पाच मिनिटांच्या घड्याळासमोर शाळा आठवत नाही.

म्हणून कृती अशी ठरवा की ती उकळीच्या टोकावर अवलंबून राहणार नाही. मी आता ८८ ते ९२ मध्येच काम करते. मुंबई असो, पुणं असो, बेंगळुरू असो, ते तापमान सगळीकडे मिळतं.

दुसरा मुद्दा पाण्याच्या जातीचा. बोअरच्या जड पाण्यात कॉफी खडूसारखी सपाट लागते. घरातल्या आरओच्या पाण्यात क्षार इतके कमी असू शकतात की आंबटपणा उघडा पडतो. स्पर्धेत पाणी आयोजक देतात, तेव्हा कुठलं देणार हे ईमेल करून विचारा. बाटलीबंद असेल तर ब्रँड विचारा आणि शेवटचे चार-पाच कप त्याच पाण्यात करा. मला वाटलं होतं असं विचारणं आगाऊपणा होईल. उत्तर दहा मिनिटांत आलं.

६. पिशवीत काय काय

- एअरोप्रेस, आणि जमलं तर दुसऱ्या कुणाचा उसना एक. रबरी टोक जुनं झालं की दाब सुटतो, आणि ते ऐन वेळीच कळतं.
- कागदी फिल्टर, मूठभर. ते एकमेकांना चिकटतात. दोन एकदम लागले तर दाबायला जड जातं आणि कारण लक्षात येत नाही.
- हाताचा ग्राइंडर. निघण्याआधी खोलून साफ केलात तर शून्य पुन्हा लावून घ्या. दळण किती बारीक हे शून्यापासून क्लिक मोजून ठरतं; सोळा क्लिक म्हणजे सोळा, हे शून्य जागेवर असेल तरच.
- ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. काही काटे तीन मिनिटांत आपोआप बंद होतात. ती सोय बंद करता येते, करा.
- किटली, आयोजक देणार नसतील तर.
- जाड भिंतीचा स्टीलचा किंवा काचेचा जग. पातळ काचेवर एअरोप्रेस ठेवून दाबू नका. एका स्पर्धकाचा मग माझ्या डोळ्यांसमोर तडकला.
- ढवळायला चमचा, दोन सुती फडकी, छोटा ब्रश, रबरबँड, मार्कर.
- कृती लिहिलेलं जाड कार्ड, मोठ्या अक्षरांत. पाठ असली तरी.

उलटी पद्धत, म्हणजे दट्ट्या खाली ठेवून नळी वर भरायची आणि मग उलटायची, घरी छान वाटते. घाईत दट्ट्या जेमतेम अडकलेला असतो आणि उलटताना सगळं टेबलावर. पहिल्या स्पर्धेला सरळ पद्धतच ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

७. प्रवास

विमानाने जाणार असाल तर बॅटरीवाला काटा केबिनच्या पिशवीत ठेवा. एअरोप्रेस आणि ग्राइंडर तपासणीत बाहेर काढायला लावू शकतात, पाच मिनिटं हाताशी असू द्या. मी पुण्याहून उद्यान एक्स्प्रेसने गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे ग्राइंडर नीट फिरतोय ना बघत होते, तर समोरच्या काकांनी विचारलं, "मिरी दळताय का?" त्यांना थर्मासमधल्या पाण्यावर एक कप दिला. "साखर विसरलात," म्हणाले.

आदल्या दिवशी झणझणीत काही नको. मिसळ परतल्यावर. स्पर्धेच्या सकाळी अत्तर, सुवासिक हँडक्रीम काही लावू नका, वास हाताला आणि हातातून कपाला लागतो.

८. हॉलमध्ये

दीड-दोन तास आधी पोचा. पहिलं काम: आपल्या टेबलाजवळ प्लग कुठे आहे आणि किटली लावल्यावर तो चालतो का. तीन किटल्या एकाच एक्स्टेंशनवर लावल्या की फ्यूज उडण्याची शक्यता चांगलीच असते. दुसरं: टेबलाची उंची. आपल्या ओट्यापेक्षा टेबल उंच असलं तर खाली दाबायला जोर पुरत नाही. मी पाच फूट एक इंच आहे. मुंबईत मी पाटासारखं काहीतरी मागितलं आणि त्यांनी बाटल्यांचा क्रेट उलटा करून दिला. तिसरं: तुमच्या आधीची एक फेरी पूर्ण बघा. कप कोण उचलतं, कुठे ठेवतं, घड्याळ कुठून दिसतं.

कॅफेवाले स्पर्धक भारी दिसतात. त्यांचे एप्रन, त्यांच्या पेट्या. पण मदतीला तेच धावतात. माझा ब्रश हरवला तेव्हा तिघांनी आपापला पुढे केला.

९. ती पाच मिनिटं

घड्याळ सुरू झालं की लगेच कॉफी करायला घेऊ नका. परीक्षक वेळ संपल्यावरच चव घेतात. तुमचा कप तिसऱ्या मिनिटाला तयार झाला तर तो दोन मिनिटं तिथेच निवत बसणार. माझी कृती दोन मिनिटांची आहे, म्हणून मी पाणी अडीचाव्या मिनिटाला ओतते आणि साडेचारला कप तयार ठेवते. अर्ध मिनिट चुकांसाठी.

माझा क्रम:

- ०:०० किटली चालू, १८ ग्रॅम मोजून दळायला सुरुवात
- १:१५ कागदी फिल्टर आणि कप गरम पाण्याने धुणं. फिल्टर खरंच झाकणात आहे ना, हे बोटाने चाचपणं. हसू नका, फिल्टरशिवाय दाबणारे दर स्पर्धेत असतात
- २:३० ९० अंशांचं २०० ग्रॅम पाणी, दहा वेळा हळू ढवळणं, दट्ट्या अलगद वर बसवणं
- ४:०० दाबणं, अर्ध्या मिनिटात, संथ. फुस्स आवाज आला की थांबा. त्यापुढे दाबलं की कडवटपणा उतरतो
- ४:३० जग एकदा फिरवून हलवणं, कपात ओतणं, वजन बघणं

मधल्या रिकाम्या वेळात लोक बघत असतात आणि आपण नुसते उभे असतो. तेव्हा हात उगाच काहीतरी करायला जातात. मी टेबल पुसते.

१०. निकाल आणि त्यानंतर

कप सारखेच असतात, कुणाचा कुठला हे परीक्षकांना माहीत नसतं. खूण तळाला. तिघे चव घेतात, मग सूत्रसंचालक "एक, दोन, तीन" म्हणतो आणि तिघेही एकाच वेळी आपल्या आवडत्या कपाकडे बोट दाखवतात. गुण नाहीत, शेरे नाहीत. बेंगळुरूत दोन बोटं डावीकडे गेली, एक उजवीकडे. मधल्या कपाकडे एकही नाही. तो उलटा करून तळ दाखवला, माझी खूण.

बरेच जण इथे पिशवी उचलून बाहेर पडतात. तसं करू नका. फेरी मिटली की परीक्षकांना जाऊन विचारा, बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात. आणि टेबल आवरायच्या आत तिन्ही कप मागून घ्या, स्वच्छ चमच्याने स्वतः चाखा. माझा गार कप चिंचेच्या पाण्यासारखा लागला, आणि पातळ. पाऊण मिनिट किटलीसमोर घालवल्यामुळे मी भिजवायची वेळ कापली होती, ती सरळ कपात दिसत होती. जिंकलेला कप एका कॉलेजच्या मुलाचा होता. तीच कॉफी, तेच पाणी, गार होऊनही गोड. त्याला विचारलं तर म्हणाला, पाणी ८८ वर, दळण माझ्यापेक्षा दोन क्लिक बारीक. मी नियमपत्रिका उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं: "८८. दोन क्लिक बारीक. बेंगळुरूत उकळी ९७."